तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं कमी, मग माणसं का वाढतात?

मी गणित शिकवतो म्हणून असेल, पण लग्नकार्यात कुणीतरी हटकून विचारतंच, "सर, घरोघरी आता एक नाहीतर दोनच मुलं. मग लोकसंख्या वाढते कशी?"

प्रश्न रास्त आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला आयुष्यभरात सरासरी होणारी मुलं, २.० निघाला, महाराष्ट्राचा १.७. एका पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला साधारण २.१ लागतो.

अशा वेळी मी कागद मागून घेतो. एक गाव धरा, त्यातल्या फक्त बायका मोजा. १० आज्या, २० आया, ४० मुली, एकूण ७०. आजवर प्रत्येकीला दोन मुली होत आल्या. आजच्या मुलींपासून पुढे प्रत्येकीला एकच. एका पिढीनंतर २० आज्या, ४० आया आणि त्यांच्या ४० मुली, म्हणजे १००. आणखी एका पिढीने ४०, ४०, ४०, म्हणजे १२०. तिथे आकडा थांबतो. प्रत्येकीमागे मुली निम्म्या झाल्या तरी गाव दोन पिढ्या वाढलं, कारण त्या ४० मुली आधीच जन्मलेल्या होत्या.

पॅट्रिक लेस्ली या अभ्यासकांनी १९४५ साली असा हिशोब मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी मांडणीत, बसवला. वरच्या ओळीत प्रत्येक वयाचा जन्मदर, त्याखाली तिरके पुढच्या वयापर्यंत जगण्याचे दर. दर न बदलता वयोगटांच्या आकड्यांना या मॅट्रिक्सने पुन्हा पुन्हा गुणत राहा. सुरुवात तरुण गावापासून करा की म्हाताऱ्या, वयोगटांचं आपसातलं प्रमाण बहुधा एकाच ठिकाणी येऊन ठरतं आणि सगळे गट एकाच वेगाने वाढतात किंवा घटतात. इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं.

'बहुधा' म्हटलं ते बर्नार्डेली या अभ्यासकांनी १९४१ साली उदाहरणादाखल कल्पिलेल्या भुंग्यामुळे. पहिल्या वर्षी निम्मे जगतात, दुसऱ्या वर्षी त्यातले एक तृतीयांश, आणि तिसऱ्या वर्षी प्रत्येक मादीला ६ माद्या होऊन ती मरते. हे तिन्ही आकडे गुणून पाहा, १ येतो, म्हणजे एका मादीमागे पुन्हा एकच. दर तीन वर्षांनी मूळचे आकडे जसेच्या तसे परततात. प्रमाण कधी ठरतच नाही. माणसांत मात्र बाळंतपणं अनेक वयांत पसरलेली असतात, म्हणून लाटा एकमेकींत मिसळून विरतात.

महाराष्ट्राचा १.७ असाच टिकला तर, बाहेरून येणारे सोडल्यास, आकडा कधीतरी उतरणारच. पण तो उतार आधी पहिलीच्या पटावर दिसेल, मतदारयादीत बराच नंतर.