तू इथेच बस

रविवार, रात्र

आज धाकटीनं मला मध्येच थांबवलं. एरवी तिच्या प्रार्थनेचे शब्द मी सांगते आणि ती ते माझ्यामागून म्हणते. आज म्हणाली, "मी माझी म्हणते." आणि डोळे गच्च मिटून म्हणाली, "देवा, मला अंधाराची भीती वाटते. तू इथेच बस. आमेन." कूस वळवली आणि झोपूनही गेली.

मग मी माझ्या प्रार्थनेला बसले. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या" पासून सुरुवात. उपकारस्तुती झाली, चर्चच्या मंडळीसाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी मागितलं. शब्द न अडखळता येत होते. इतक्या वर्षांची सवय आहे. आमेन म्हटलं आणि जाणवलं की जे मनात होतं त्याचा उच्चारही मी केला नव्हता. गुरुवारी माझ्या तपासणीचा रिपोर्ट मिळणार आहे. गेले तीन आठवडे रात्री दोनला जाग येते ती त्याच विचारानं. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला जे एका वाक्यात सांगता आलं, ते मला आलं नाही.

सोमवार

दिवसभर तेच मनात घोळत होतं. बालकासारखं व्हा, या वचनावर मी संडे स्कूलमध्ये कितीदा तरी शिकवलंय. दर वेळी सांगायची: मुलं निष्पाप असतात, आनंदी असतात, चटकन क्षमा करतात. आज वाटतंय, हे सांगताना मी घरातल्या मुलांकडे नीट पाहिलंच नव्हतं. मुलं हट्ट करतात, खेळणी लपवतात, खोटंही बोलतात. येशूला त्यांच्यातलं काही वेगळंच दिसलं असणार.

संध्याकाळी येशूची जीवनकथा सांगणाऱ्या लूकच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय सलग वाचला. तिथे लोक येशूकडे आणतात ती तान्ही बाळं आहेत. तान्ह्या बाळाच्या पदरी कसला आलाय सद्गुण? त्याला दुसऱ्यानं उचलून आणावं लागतं. आणि हा प्रसंग लूकनं कुठे ठेवलाय! आधी मंदिरात प्रार्थना करणारे दोघे, धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी आणि लोक ज्याला पापी समजत तो जकातदार, नंतर सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळल्या म्हणणारा श्रीमंत अधिकारी. परूशी आपले उपास आणि दशांश (मिळकतीचा देवाला दिलेला दहावा भाग) मोजून दाखवतो, अधिकारी आपलं आज्ञापालन सांगतो. मधली बाळं मात्र रिकाम्या हातांनी येतात, नव्हे, आणली जातात. कालच्या माझ्या प्रार्थनेत त्या परूश्याचा सूर होता का? अगदी तसा नसेल. पण सगळं आवरून, नीटनेटकं होऊनच देवापुढे जायचं, हा आग्रह होता खरा.

(प्रेषित पौलानं करिंथ इथल्या मंडळीला पत्रात लिहिलंय की समजुतीनं मुलं होऊ नका, दुष्टपणाच्या बाबतीत मात्र तान्ह्या बाळांसारखे असा. म्हणजे विचार करणं सोडायचं नाहीये. हे माझ्यासाठीच लिहून ठेवते, कारण शंका आली की "लहान मुलासारखा विश्वास ठेव" असं सांगून गप्प केलेली माणसं मी पाहिली आहेत. मूल तर सगळ्यात जास्त प्रश्न विचारतं.)

मंगळवार

काही लिहायला सुचत नाही. स्तोत्र १३१ वाचलं, तीनच वचनांचं. त्यातलं मूल अंगावर पिणारं नाही, दूध तुटलेलं आहे. आता ते आईजवळ काही मिळवायला येत नाही. आई जवळ आहे म्हणून शांत असतं. पण दूध तुटायच्या आधीचे दिवस कसे असतात, ते मला ठाऊक आहे. किती रडली होती धाकटी. ती शांतता एका रात्रीत आली नव्हती.

बुधवार, रात्र

गेले तीन आठवडे मी तोंडानं एकच म्हणत आले: तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मला तो विश्वास वाटत होता. आज मार्कचा १४वा अध्याय उघडला. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू आधी मागतो. हा प्याला माझ्यापासून दूर कर, असं स्पष्ट मागतो. त्यानंतर म्हणतो, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे. मी पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर जात होते. मागितलं आणि मिळालं नाही तर काय, याची धास्ती होती. म्हणून मागायचंच नाही.

आणि "अब्बा" हा शब्द, बापाला मारायची अरामी भाषेतली हाक. चारही शुभवर्तमानांत तो एकदाच येतो, तो इथे, त्या रात्री. पुढे पौलाच्या पत्रांत दोनदा, रोमकरांस आणि गलतीकरांस. अब्बा म्हणजे बाळाचे बोबडे बोल, असं मी कुठेतरी ऐकून पुढे सांगितलंही होतं. पण मोठी झालेली मुलंही बापाला याच शब्दानं हाक मारत. तिशी ओलांडलेला एक माणूस, जवळचे मित्र झोपी गेलेले, जिवाला अतिशय खेद झालेला, आणि तोंडी ही घरातली हाक. बालकासारखं होणं मी इतकी वर्षं हसऱ्या दिवसांत शोधत राहिले.

फ्रान्समधली जोगीण, लिझ्यूची संत तेरेझा आठवली. देवापुढे लहान होऊन राहण्याचा मार्ग म्हणून तिचं नाव घेतात, आणि चित्रांत ती फुलांमध्ये हसत उभी असते. पण १८९७ साली, २४ व्या वर्षी ती क्षयानं गेली आणि शेवटचे जवळजवळ १८ महिने तिच्या मनात स्वर्गाविषयी दाट काळोख होता. त्याआधी कितीतरी वर्षं तिला प्रार्थनेला बसल्यावर झोप लागायची. ती त्याचं वाईट वाटून घेत नसे. मुलं झोपलेली असली तरी आईबापांना तितकीच आवडतात, असं तिचं म्हणणं. आज हे वाचून मला रडू आलं.

आता दिवा मालवून बसले होते. गुडघे टेकले नाहीत, धाकटीच्या पलंगाला टेकून जमिनीवर बसले. "बापा, मला भीती वाटते. रिपोर्ट चांगला येऊ दे. मला या मुलीला मोठं होताना पाहायचंय." पुढचं वाक्य सवयीनं ओठांवर आलं होतं. थोडा वेळ ते तसंच राहू दिलं. मग तेही म्हटलं, हळू, आणि मला वाटतं या वेळी खरोखर म्हटलं. भीती गेली नाही.

उद्या साडेनऊला निघायचं आहे. धाकटीनं झोपेत माझी ओढणी मुठीत धरली आहे, सोडवून घेत नाही.