तुम्ही विचारलंत म्हणून : हायब्रिडला सुपरचार्जर बसवता येईल का?

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटरही असलेली गाडी, आणि सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप. काही हायब्रिड गाड्यांना तो बसतो. तुमच्या गाडीला मी बसवणार नाही. 'दादा, हायब्रिडले सुपरचार्जर बसाडता यी का?' असं धुळ्यातल्या माझ्या गॅरेजवर येऊन विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढं सांगतो आणि मग चहा मागवतो, कारण पुढचं उत्तर लांब आहे.

प्रश्न चुकीचा नाही. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढून बघा. घरची चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. पायथ्याला गाडी मस्त उचलते, कारण मोटर आणि इंजिन दोन्ही जोर लावत असतात. वर जाता जाता पडद्यावरचे बॅटरीचे दांडे उतरतात आणि मग सगळा भार एकट्या इंजिनावर येतो. आवाज चढतो, वेग चढत नाही. 2022 साली आपल्याकडे आलेल्या टोयोटा-मारुतीच्या हायब्रिडमध्ये बॅटरी जेमतेम पाऊण युनिट विजेची आहे. घरच्या मीटरवर पाऊण युनिट म्हणजे किती, ते तुम्हाला माहीत आहे. चढावर ती फार वेळ पुरणार नाहीच.

अशा वेळी सुपरचार्जर आठवणं साहजिक आहे. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हा हवेचा पंप. जास्त हवा कोंबायची, त्या मापात जास्त पेट्रोल द्यायचं, म्हणजे त्याच दीड लिटरच्या इंजिनातून जास्त ताकद निघते. पण ती ताकद चाकापर्यंत कुठल्या वाटेने जाते, हे कुणी विचारत नाही. हायब्रिडमध्ये सगळी गोम तिथे आहे.

टोयोटाच्या पद्धतीत आपल्या ओळखीचा गिअरबॉक्सच नसतो. मधोमध एक दातेरी चाक, त्याच्याभोवती फिरणारी लहान चाकं, बाहेरून एक मोठं कडं. इंजिन त्या लहान चाकांना फिरवतं. बाहेरचं कडं गाडीच्या चाकांकडे जातं, मधल्या चाकाला जनरेटर जोडलेला असतो. प्रियसच्या मांडणीत इंजिनाच्या पिळाचा (टॉर्कचा) सुमारे 72 टक्के भाग कड्याकडे जातो आणि 28 टक्के जनरेटरकडे. ही वाटणी दात्यांनी ठरवलेली आहे, गाडीतल्या संगणकाने नाही. म्हणजे इंजिनाने जोर वाढवला की जनरेटरलाही त्याच प्रमाणात पाय रोवून उभं राहावं लागतं. बैलजोडी जुंपलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. एका बैलाने जोर वाढवला आणि दुसऱ्याने आपली बाजू धरली नाही, तर जू तिरकं होतं, गाडा पुढे सरकत नाही.

तुम्ही इंजिन दीडपट जोराचं केलंत, पण जनरेटर, त्याची वायंडिंग, त्याची वीज हाताळणारा इन्व्हर्टर, सगळं कंपनीच्या मापाचंच राहिलं. इंजिन बेफाम फिरू नये म्हणून संगणक थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, मिटवून घेईल. संगणकाचं हे आवरणं तरुण पोरांना नको असलेला अडसर वाटतं. माझ्या मते ती गाडी वाचवणारी सगळ्यात शहाणी गोष्ट आहे.

आता बसतो कुठे, ते सांगतो. होंडाची सीआर-झेड, 2010 साली आलेली छोटी दोन दारी गाडी. आपल्याकडे ती विकायला आलीच नाही. तिच्यात चपटी मोटर थेट क्रँकवर (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर), मग नेहमीचा क्लच, मग सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. जोर सरळ रेषेत चाकाकडे जातो, तोल धरायला कुणी लागत नाही. म्हणून अमेरिकेत होंडाच्याच रेसिंग विभागाने तिच्यासाठी सुपरचार्जर काढला आणि 130 अश्वशक्तीची गाडी 197 वर नेली. त्याच गाडीसाठी त्यांनी क्लच, डिफरन्शिअल, सस्पेन्शन आणि मोठे ब्रेकही काढले. हे मला फार आवडतं. ताकद वाढवणाऱ्याने थांबण्याचा विचारही केला होता.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात धुळं-जळगावात पारा 45 ला टेकतो. त्या हवेला अर्धा बार, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या साधारण निम्मा, जादा दाब दिला, तर निव्वळ गणिताने ती 84 अंशांवर जाते. खऱ्या पंपात शंभराच्या आसपास. इंटरकूलर तिला थंड करील, पण बाहेरच्या 45 च्या खाली नेऊ शकत नाही. गरम हवा सिलिंडरमध्ये गेली की पेट्रोल अवेळी पेटून ठोका सुरू होतो, मग संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि विकत घेतलेली ताकद परत जाते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 52 मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करू देत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी बॉनेट उघडेल.

मागच्या उन्हाळ्यात शिरपूरचा एक तरुण सुपरचार्जरच्या किटचे पैसे जमवूनच आला होता. त्याच्या शेजारी बसून, स्कॅनर लावून मी घाट चढलो. बॅटरीचं तापमान पाहून मी चमकलो. खाली उतरल्यावर मागच्या सीटजवळची जाळी काढली. अनेक हायब्रिडमध्ये बॅटरीला थंड करणारी हवा तिथूनच आत जाते. आतला फिल्टर कापसाच्या तंतूंनी गच्च भरलेला! त्यांचं घर जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, शेजारी. बॅटरी तापली की संगणक मोटरचा हात आखडतो. पिकअप तिथेच मरत होता. फिल्टर साफ केला, जुने ब्रेक पॅड बदलले आणि पुन्हा चढलो. घाटमाथ्यावर त्याने गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि म्हणाला, 'दादा, हाई गाडी मनीच शे ना?' (ही गाडी माझीच आहे ना?)

किटच्या पैशांतून त्याने चार चांगले टायर घेतले. फिल्टर दर दोन महिन्यांनी दाखवायला येतो, कापसाच्या हंगामात दर महिन्याला.