गॉर्गोनॉप्सियनची कवटी कशी वाचावी

गॉर्गोनॉप्सियन म्हणजे डायनोसॉरांच्याही आधीचे, लांब सुळ्यांचे मांसाहारी प्राणी. त्यांची कवटी समोर आली की नजर आधी सुळ्यांवर जाते. ओळख पटवायची असेल तर मात्र सुरुवात सुळ्यांपासून करू नये. त्यांच्या पर्मियन काळात, म्हणजे साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी, लांब सुळे बऱ्याच प्राण्यांना होते, अगदी झाडपाला खाणाऱ्या डायसिनोडॉन्टांनाही. म्हणून आधी डोळ्याच्या खोबणीच्या मागे बघा. तिथे दोन्ही बाजूंना एकेकच भोक असेल तर तो सिनॅप्सिड, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या घराण्यातला. मगरी आणि डायनोसॉर यांच्या घराण्यात ही भोकं दोन-दोन असतात. गॉर्गोनॉप्सियनांना ‘सस्तनांसारखे सरपटणारे प्राणी’ म्हणायची जुनी सवय आता सोडायला हवी. ही दोन घराणी त्यांच्या कितीतरी कोटी वर्षं आधीच वेगळी झाली होती.

खरी गफलत होते ती थेरोसेफेलियनांशी. तेही सिनॅप्सिड, तेही मांसाहारी, सुळेही तसेच, आणि बऱ्याचदा दोघं एकाच थरात सापडतात. अशा वेळी कवटी वरून बघावी. मागच्या दोन भोकांमधला माथा रुंद आणि सपाट असेल तर गॉर्गोनॉप्सियन. तोच भाग चिंचोळा होऊन मधोमध कंगोरा उठला असेल तर थेरोसेफेलियन. मग कवटी उलटी करून टाळू बघा. थेरोसेफेलियनच्या टाळूत डोळ्यांच्या खालच्या बाजूला दोन मोठी भोकं असतात, गॉर्गोनॉप्सियनचा टाळू तिथे बंद असतो. खालच्या जबड्याची हनुवटीही बघावी, गॉर्गोनॉप्सियनची ती उंच आणि जाड असते. माथ्यावरच्या तिसऱ्या डोळ्याच्या, म्हणजे उजेड जाणवणाऱ्या अवयवाच्या, छिद्रापुढे मधोमध एक लहानसं सुटं हाड असतं, तीही चांगली खूण. पण काही जातींत ते हाड नसतंच, त्यामुळे ते दिसलं नाही एवढ्यावरून निकाल देऊ नये.

आता दात. वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला पटाशीचे ५, खाली ४, मग एकेक सुळा आणि त्यामागे मोजके बारीक दात. क्लेलँडिना या गॉर्गोनॉप्सियनमध्ये तर सुळ्यांमागे दातच नाहीत. चावून बारीक करण्याचा प्रश्नच नव्हता; लचका तोडायचा आणि गिळायचा. रशियात सापडलेल्या इनोस्ट्रँसेव्हिया या मोठ्या गॉर्गोनॉप्सियनची कवटी ६० सेंटिमीटरपर्यंत भरते आणि सुळा मुळासकट १५ सेंटिमीटरच्या आसपास. त्यातला निम्मा जबड्याच्या हाडात रुतलेला असतो. एवढा सुळा भक्ष्यात रुतवायचा तर खालच्या सुळ्याचं टोक वरच्याच्या खाली सुटेपर्यंत तोंड उघडायला हवं. म्हणून जबडा जवळपास काटकोनात उघडायचा. तो सांधा आपल्यासारखा नाही. तिथे जी दोन हाडं एकमेकांवर फिरतात, तीच पुढे सस्तन प्राण्यांच्या कानात हातोडा आणि ऐरण झाली.

सुळ्याची मागची कड भिंगाखाली धरली की करवतीसारखे बारीक दाते दिसतात. ते नुसत्या वरच्या कठीण लुकणाचे नसतात. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर प्रत्येक दात्याच्या आत दंतिन, म्हणजे दाताचा आतला पदार्थ, दिसतं, आणि दोन दात्यांच्या मधली घडी आत खोलवर गेलेली असते. अशी रचना फक्त मांसाहारी डायनोसॉरांच्या दातांत असते असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०२० साली ती गॉर्गोनॉप्सियनमध्येही दाखवून दिली गेली.

एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. कधीकधी वरच्या जबड्यात एकाच बाजूला पुढे-मागे दोन सुळे दिसतात. ती वेगळी जात नव्हे. सुळ्यासाठी शेजारी-शेजारी दोन खाचा असतात. एका खाचेतला जुना सुळा काम करत असताना दुसऱ्या खाचेत नवा वाढतो, आणि हे आळीपाळीने चालू राहतं. नवा सुळा पुरता उतरायच्या आणि जुना पडायच्या मधल्या दिवसांत प्राणी मेला, तर दोन्ही सुळे तसेच राहतात. टांझानियातल्या एका जबड्याच्या कापात याहून विलक्षण गोष्ट सापडली. सुळ्याच्या मुळाला चिकटून इवल्या इवल्या दातांचा पुंजका होता. हा ओडोंटोमा, म्हणजे दाताची गाठ; माणसालाही होते. तो प्राणी साधारण २५.५ कोटी वर्षांपूर्वीचा. बाहेरून बघून त्या गाठीचा पत्ताही लागला नसता.

आता चुका कुठे होतात ते. पहिली चूक चेपलेल्या कवटीची. थरांच्या भाराखाली कवटी तिरकी होते, मग थोबाड लांब किंवा माथा रुंद वाटतो आणि त्यावर नवं नाव पडतं. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू प्रदेशाच्या जीवाश्मांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी ढीगभर नावं दिली गेली, त्यांतली कित्येक पुढे रद्द करावी लागली. त्यामुळे प्रत्येक माप डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंनी घ्यावं. एक खोबण गोल आणि दुसरी लांबट निघाली, तर तो आकार दाबाने आलेला आहे, जातीचं लक्षण म्हणून तो वापरता येत नाही. दुसरी चूक वयाची. पिल्लाचं थोबाड आखूड आणि डोळे मोठे असतात, आणि त्यालाही स्वतंत्र जात ठरवलं जातं.

तिसरी चूक सफाईची, आणि तिची भरपाई होत नाही. कारूच्या हाडांवर बरेचदा लोहयुक्त लाल कवच असतं, हाडापेक्षा कठीण. छिन्नीने ते उडवताना हाडाचा वरचा पापुद्राही निघतो आणि हाडांमधले सांधे कायमचे पुसले जातात. कवच हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक टोच्याने काढावं, हाडाजवळ आल्यावर मात्र खाण्याच्या सोड्याच्या भुकटीचा झोत वापरावा. भेगांत पॅरालॉइड बी-७२ (हाड घट्ट करणारं राळेसारखं प्लास्टिक) अ‍ॅसिटोनमध्ये अगदी पातळ करून मुरवावं. दाट द्रावण आत शिरत नाही, वरच चकचकीत थर धरतं. हाड ओलसर असेल तर तो थर पांढरा पडतो. सुळ्याची मागची कड शेवटपर्यंत मोकळी करू नये, कारण करवतीचे दाते एकदा गेले की गेले. सीटी स्कॅन सफाईच्या आधीच करून घ्यावा. लोह जास्त असेल तर चित्रात पट्टे उमटतात, तरी टाळू आणि दातांची मुळं कुठे आहेत याचा अंदाज येतो.

एवढी काटेकोर ओळख हवी कशाला, याचं उत्तर २०२३ मध्ये मिळालं. दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतात नूइटगेडाख्ट इथे सापडलेल्या दोन जीवाश्मांना इनोस्ट्रँसेव्हिया आफ्रिकाना हे नाव मिळालं. इनोस्ट्रँसेव्हिया तोवर फक्त रशियात ठाऊक होता. त्याच्या थरात कारूचे स्थानिक मोठे शिकारी, म्हणजे रुबिजिआ आणि त्याचे भाऊबंद, दिसत नाहीत. ते आधीच संपले होते आणि त्यांच्या जागी हा आला होता. मग तोही गेला आणि मोठ्या शिकाऱ्याची जागा मॉस्कोरायनसने घेतली. पर्मियनअखेरच्या, २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशाच्या आगेमागे, २० लाख वर्षांच्या आत, ही जागा चार वेळा बदलली असावी असं त्या संशोधकांनी मांडलं. मॉस्कोरायनस थेरोसेफेलियन. तो आणि इनोस्ट्रँसेव्हिया यांतला फरक माथ्यावरच्या त्या कंगोऱ्यात आणि टाळूतल्या दोन भोकांत आहे.