दुकानाचं नाव परत हातात आलं

कोल्हापुरातल्या चप्पल लाईनमधल्या आमच्या दुकानाची वेबसाइट २०१६ पासूनची. परगावची गिऱ्हाइकं कापशी चपलांच्या जोडासाठी पायाचं माप तिथल्याच ईमेलवर पाठवतात. यंदा गणपतीच्या तोंडावर साइट बंद पडली. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत संपायला चाळीस दिवस उरलेले. साइट सांभाळणारा होस्टिंगवाला फोन उचलेना, मेलला उत्तर देईना. राजारामपुरीतल्या त्याच्या ऑफिसला तीन हेलपाटे मारले, तिन्ही वेळा कुलूप.

मला रात्ररात्र झोप नव्हती. मुदत संपून नाव सुटलं आणि दुसऱ्यानं उचललं, तर इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं कुठं शोधायची? आबांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी बघ, पाटी आपल्या नावावर हाय का त्याच्या?"

कॉम्प्युटरचा गंध नसलेल्या आबांनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. डोमेन कुणाकडं नोंदलंय ते दाखवणाऱ्या हूइजवर शोधलं, तर रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवणारी कंपनी, म्हणून भलतंच नाव. म्हणजे आमचा होस्टिंगवाला नुसता रिसेलर, मधला माणूस! मालकाचा तपशील हूइजवर झाकलेला होता, पण 'तुमची माहिती तपासून घ्या' अशी दरवर्षी येणारी मेल जीमेलमध्ये सापडली. तीत मालक म्हणून माझं नाव आणि माझाच ईमेल. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

मग थेट रजिस्ट्रारला लिहिलं. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडं ट्रान्सफर करायचंय, त्याचं लॉक काढा आणि त्यासाठी लागणारा गुप्त ऑथ कोड द्या. सोबत शॉप ॲक्टचं लायसन्स, आधार आणि होस्टिंगवाल्याच्या जुन्या पावत्या जोडल्या. डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाप्रमाणे मालकानं मागितल्यावर पाच दिवसांत कोड द्यावा लागतो, हेही नम्रपणे नमूद केलं. चौथ्या दिवशी कोड आला.

एक चूक मात्र होता होता राहिली. नावापुढं दुकानाचं नावही जोडावं म्हणून मी तपशील बदलायला निघालो होतो. मित्रानं अडवलं. मालकाच्या नावात किंवा ईमेलमध्ये बदल केला की साठ दिवस ट्रान्सफर अडकू शकतं, आणि माझ्याकडं तेवढे दिवसच नव्हते.

डोमेनच्या नोंदी ठेवणारे जुने नेमसर्व्हर चालू होते तोवर मेल कुठं पोचवायची ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी उतरवून नव्या ठिकाणी भरून ठेवल्या. साइटच्या फाइल्स हाती लागल्या नाहीत, त्याचं वाईट वाटतं. फोटो पुन्हा काढतोय.

नव्या रजिस्ट्रारकडं कोड टाकून एका वर्षाचे पैसे भरले. ते वर्ष मुदतीत वाढून मिळतं. जुन्याकडून हरकत आली नाही तर पाच दिवसांनी डोमेन आपोआप सुटतं. गुरुवारी अर्ज केला, मंगळवारी नाव माझ्या खात्यात दिसलं. ट्रान्सफरनंतरही नेमसर्व्हर जुनेच राहतात, ते त्याच दुपारी बदलले. मेल एकही चुकली नाही.

संध्याकाळी आबांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नाव दोनदा वाचलं आणि खात्याची माहिती, मुदतीची तारीख दुकानाच्या वहीत लिहून घ्यायला लावली.