चिरेबंदी घरात वाय-फाय पोचवताना: माझा अनुभव

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावच्या घरी फायबर आलं. जोडणी करायला आलेल्या मुलाने राउटरचा डबा पडवीत ठोकला आणि वेगही पडवीतच मोजून दाखवला. १५० एमबीपीएसचा प्लॅन, आकडा १४० च्या वर. आई-बाबा खूश. पण माजघरात गेलं की तोच आकडा वीस-पंचवीसवर यायचा. आणि पुण्याहून आलो की मी जिथे बसून काम करतो त्या माडीवर तर मीटिंग सुरू झाली की माझं चित्र थिजायचं आणि आवाज तुटायचा.

डब्यात खोट नव्हती. घर जांभ्या चिऱ्याचं आहे, भिंती फूटभराहून जाड. जांभ्यात लोह भरपूर, शिवाय दगड सच्छिद्र, त्यामुळे पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. रेडिओलहरींना पाण्याचं वावडं असतं, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी तर जाड भिंतीपुढे फारच लवकर दमतात. दोन भिंती ओलांडल्या की फोन आपोआप २.४ गिगाहर्ट्झवर उतरायचा, तिसऱ्या भिंतीनंतर तोही रडायचा.

सगळ्यांनी सुचवलेला पहिला उपाय म्हणजे रिपीटर, सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा. साधा रिपीटर ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मेशचा, म्हणजे मिळून एकच वाय-फाय पसरवणाऱ्या डब्यांचा, महागडा संच घेतला तरी त्यातल्या डब्यांना एकमेकांशी बोलायचं ते याच भिंतींमधून. माझं मत आता पक्कं झालंय: घर जाड भिंतींचं असेल तर आधी तार ओढा, वाय-फायच्या सेटिंगमध्ये नंतर डोकं घाला.

पडवीपासून माडीपर्यंत तार बाहेरून, पागोळ्यांखालून नेणं सोपं होतं, पण कोकणात मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजा कशा कडाडतात ते ठाऊक असल्याने बाहेरून तांब्याची तार न्यायची इच्छा झाली नाही. माळ्यावरून पीव्हीसी पाइप टाकला, विजेच्या वायरिंगपासून हातभर लांब. पाइप मुख्यतः उंदरांपासून वाचवायला. केबल घेताना मात्र दुकानात थोडा वाद घालावा लागला. कॅट ६ (नेटच्या केबलचा एक दर्जा) म्हणून स्वस्तात जी मिळते तिच्यात पुष्कळदा आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा नुसता मुलामा असतो. टोक सोलून तार नखाने खरवडली की पांढरी चकाकी दिसते. शुद्ध तांब्याची महाग पडली, पण माळ्यावर पुन्हा कोण चढणार?

प्लग बसवायला गावातलाच वायरमन आला. तो एरवी सीसीटीव्हीची कामं करतो. माडीवर लॅपटॉप तारेने जोडला, वेग मोजला: ९४. पुन्हा मोजला: ९४. हा आकडा कधी दिसला तर प्लॅनला किंवा कंपनीला दोष देण्याआधी तारेकडे बघा. तार १०० एमबीपीएसवर अडकली की त्यातला थोडा भाग डेटाच्या वेष्टनात जातो आणि हातात बरोबर इतकाच उरतो.

मी वायरमनला म्हटलं, "यातली एखादी तार लागलेली नाही."

"दादा, नेट चालतंय की! आमचे कॅमेरे तर चार तारांवर चालतात."

त्याचं म्हणणं खरंच होतं. शंभरच्या वेगाला केबलमधल्या आठ तारांपैकी चारच लागतात: पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, मात्र आठही हव्यात. त्याच्याच पेटीतला टेस्टर लावला. दिवे एकामागून एक पेटत गेले, सहानंतर थेट आठ. सात नंबर मुका. प्लग उजेडात धरला तर पांढरी-तपकिरी तार टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती, पितळी दातांच्या अलीकडेच थांबली होती. प्लग कापला, तारा पुन्हा ओळीत लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आठही टोकं एका रेषेत कापून आत ढकलली आणि पुढून नीट पाहून मगच दाबलं. आता लॅपटॉपवर जोडणी १००० ची दाखवली आणि प्लॅनचा पूर्ण वेग माडीवर आला. वायरमनने टेस्टर पेटीत ठेवता ठेवता "आता कॅमेऱ्यांचे पण तपासायला हवेत" असं पुटपुटलेलं मी ऐकलं.

आता सेटिंग. माडीवर माझाच जुना राउटर लावायचा होता. पडवीतला डबा ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे त्याला नुसता पूल बनवून, सगळा कारभार माझ्या राउटरकडे द्यावा असा विचार आला होता. पण त्यासाठी पीपीपीओईचं (कंपनीच्या जाळ्यात लॉग-इन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनचा (जोडणीच्या वेगळ्या वाटेचा) आकडा कंपनीकडून मिळवावा लागतो, आणि घरचा लँडलाइन त्याच डब्यातून चालतो. शिवाय मी पुण्यात असताना काही बिघडलं आणि तंत्रज्ञ आला, तर ओळखीचा पडदा दिसेना म्हणून तो सगळं पुसून नव्याने मांडणार. म्हणून मुख्य कारभारी पडवीतलाच ठेवला.

मग माडीवरच्या राउटरने कारभार करता कामा नये. नुसता जोडून दिला तर तोही स्वतःचे आयपी पत्ते (जाळ्यातल्या प्रत्येक उपकरणाचा नंबर) वाटत सुटतो. घरात दोन जाळी होतात, आणि खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला दिसत नाही. त्यात दोघांचा मूळ पत्ता एकच, १९२.१६८.१.१. म्हणून तो मुख्य तारेला न जोडता आधी एकटाच लॅपटॉपला जोडला, अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (म्हणजे नुसतं वाय-फाय पसरवायचं, पत्ते वाटायचे नाहीत) टाकला आणि त्याला १९२.१६८.१.२ हा कायमचा पत्ता दिला. ज्या राउटरमध्ये हा मोड नसतो, त्यात डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, हाताने बंद करायची आणि तार वॅनच्या (बाहेरच्या इंटरनेटच्या) खाचेत न घालता लॅनच्या (घरातल्या जाळ्याच्या) खाचेत घालायची. परिणाम तोच. पडवीतल्या डब्यात पत्ते वाटायची सुरुवात शेवटच्या आकड्यात २० पासून केली, म्हणजे खालचे आकडे माझ्या ताब्यात राहिले. प्रिंटरला त्यातला १० दिला.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही डब्यांवर अगदी सारखे ठेवले. २.४ मध्ये पडवीला चॅनेल (लहरींचा पट्टा) १, माडीला ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ मध्ये एकीकडे ३६, दुसरीकडे १४९. पुण्याच्या सोसायटीत चाळीस नावं दिसतात, तिथे चॅनेल निवडणं ही डोकेदुखी असते. इथे शेजारच्या घरातलं एकच नाव, तेही नावापुरतं. आपलेच दोन डबे एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत एवढं बघितलं की पुरे.

एक गोष्ट मात्र छळत राहिली. बाबा पडवीतून माडीवर आले तरी त्यांचा फोन पडवीतल्या सिग्नलची एक कांडी धरून बसायचा. कुठल्या डब्याला चिकटायचं हे शेवटी फोनच ठरवतो, राउटर नाही. पडवीतल्या डब्याची २.४ ची ताकद पूर्णवरून मध्यमवर आणली तेव्हा फोनने वेळेत हात सोडायला सुरुवात केली. ताकद वाढवली की वाय-फाय सुधारतं असं सगळे धरून चालतात. आमच्याकडे ती कमी केल्यावर सुधारलं.

सुरक्षेचं फार काही नाही: राउटरमध्ये शिरायचा मूळ पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने जोडायची सोय) आणि बाहेरून राउटर हाताळायची सोय बंद केली. वाय-फायच्या कुलपाची नवी पद्धत, डब्ल्यूपीए३, ठेवायची होती, पण जुना प्रिंटर जोडला जाईना, म्हणून आधीच्या डब्ल्यूपीए२ वरच थांबलो. पासवर्ड लांबलचक ठेवलाय. बाबांनी तो पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला, आणि आल्यागेल्याला पंचांगच पुढे करतात.

माजघरातल्या टीव्हीलाही एक तार दिली. टीव्हीची खाच १०० चीच निघाली, पण फोरकेला पंचवीसच्या आसपास पुरतात, त्यामुळे तिथे आठही तारांचा हट्ट धरला नाही.

वीज जाणं हे इथलं नेहमीचंच. पडवीतल्या डब्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, दीड अँपिअर लिहिलेलं होतं, तेवढा छोटा यूपीएस आणून लावला. माडीवरच्या राउटरला मात्र अजून तशी सोय नाही, त्यामुळे वीज गेली की लॅपटॉप घेऊन मी पडवीत येतो. त्याचाही यूपीएस दिवाळीला जाईन तेव्हा नेणार आहे.