हलक्या सॅकचा हिशेब, पाणी धरून

एक दिवसाच्या ट्रेकला आणि एका मुक्कामाच्या ट्रेकला चालेल अशी एकच हलकी सॅक शोधण्याचं काम गेल्या पावसाळ्यात सुरू केलं. आता ते बरंचसं मार्गी लागलंय, म्हणून ही नोंद. ज्यांचं वजन कमी करण्याचं काम चालू आहे त्यांना उपयोगी पडेल आणि ज्यांनी ते आधीच केलंय ते पुढचं सुचवतील.

या विषयावर वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेतलं. तिथे मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल आहे, जवळजवळ सव्वाचार हजार किलोमीटरची. अशा वाटा चालणाऱ्या मंडळींनी एक साधा नियम घालून घेतला: अन्न, पाणी आणि इंधन सोडून बाकी सगळं सामान साडेचार किलोच्या आत. त्यांच्या पाठीवर तंबू असतो, चूल असते, चार-पाच दिवसांचा शिधा असतो, आणि तो शिधा दर दिवशी कमी होत जातो. आपल्याकडे हे गणित वेगळं आहे. रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाला जायचं तर मुक्काम कुमशेतला एखाद्या घरात होतो, मावशी भाकरी-पिठलं आणि ठेचा वाढतात, तंबू नको आणि चूलही नको. मग पाठीवर जड काय? पाणी. थंडीत तीन लिटर, फेब्रुवारी उलटला की चार-पाच. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात काटकसर नाही आणि करूही नये. म्हणून सॅक किती लिटरची घ्यायची हा प्रश्न मी मागे ठेवला आणि तीन ते पाच किलो पाणी ती कुठे आणि कसं धरते, हा आधी घेतला.

ऑगस्ट-सप्टेंबर : वजनकाटा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला आणि मुक्कामाचं सगळं सामान एकेक करून तोललं. जुनी सॅक ५५ लिटरची, हिमालयातल्या ट्रेकसाठी घेतलेली. रिकामीच १९५० ग्रॅम भरली. तिकडे ती चोख काम देते, पण सह्याद्रीतल्या एका रात्रीसाठी दोन किलो नुसती पिशवी उचलायची काही गरज नाही.

सॅकखालोखाल बाटल्यांनी लक्ष वेधलं. जाड प्लॅस्टिकची रुंद तोंडाची लिटरची बाटली रिकामी १८० ग्रॅमच्या आसपास, स्टीलची त्याच्या दुप्पट. पाण्याची साधी विकतची बाटली तीस ग्रॅमच्या आत. तीन बाटल्या बदलल्या की अर्धा किलो गेलाच, तोही एक पैसा खर्च न करता. तीच बाटली महिनोन्महिने वापरायची नाही, एवढं पथ्य पाळायचं.

आज यादी अशी आहे. सॅक ७२० ग्रॅम, घडीची फोम मॅट ३४०, दहा अंशांपर्यंतची स्लीपिंग बॅग ८९०, रात्रीचे कपडे आणि विंडचीटर ७६०, पोंचो २४०, औषधं १९०, हेडटॉर्च आणि पॉवरबँक ३१०, ताट-मग-चमचा १८०, चाकू-काडेपेटी-पंचा वगैरे किरकोळ २२०. बेरीज ३८५० ग्रॅम. त्यात तीन लिटर पाणी बाटल्यांसकट आणि नऊशे ग्रॅम खाऊ (दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, खजूर) धरला की आठ किलोच्या थोडं आत. जुनी सॅक आणि आधीचं सगळं सामान धरून हेच साडेअकराला जायचं.

ऑक्टोबर : दुकानात

बाजूला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आणि आत स्वतःचं सामान घेऊनच दुकानात गेलो. दुकानात मिळणाऱ्या वाळूच्या उशा भरून सॅक पाहिली तर ती सगळ्यांची छानच बसते. आपलं सामान भरून दोन मजले जिने चढा-उतरा, वाकून बुटाची नाडी बांधा, हात वर करून एखादा दांडा धरा. शिडीवर जे होणार ते तिथेच कळतं.

पाठीची लांबी मोजून गेलो होतो. मान पुढे झुकवली की तळाशी जो मणका टचकन वर येतो तिथून खाली, दोन्ही हात कमरेच्या हाडावर ठेवल्यावर अंगठे जिथे समोरासमोर येतात त्या रेषेपर्यंत. माझी ४४ सेंटिमीटर आहे. उंचीवरून हा अंदाज बांधू नका. माझ्याहून वीतभर उंच मित्राची पाठ माझ्याएवढीच निघाली, त्याची सगळी उंची पायांत आहे.

जाळीची ताणलेली पाठ असलेल्या सॅक मोहात पाडतात. ऑस्प्रेची एक्सॉस ही त्यातली नावाजलेली. घाम कमी येतो हे खरं, पण पाठ आणि सॅक यांच्यात पोकळी राहते म्हणजे वजन तेवढं मागे सरकतं. सपाट वाटेवर ते जाणवत नाही. रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर किंवा भीमाशंकरच्या शिडी घाटात, जिथे शरीर कातळाला चिकटून न्यायचं असतं, तिथे मागे ओढणारं वजन मला नको. ओली पाठ मी आनंदाने पत्करतो.

डेकॅथलॉनच्या क्वेचुआच्या दहा लिटरच्या सॅकने आपल्याकडे कितीतरी जणांना डोंगराची वाट दाखवली. कळसूबाईला बारीतून सकाळी चढून दुपारी उतरायचं तर ती आजही पुरते. पण मुक्कामाला ती अपुरी, आणि मला दोन सॅक ठेवायच्या नव्हत्या.

शेवटी निवडली ती ३२ लिटरची, फ्रेम (पाठीमागचा ताठ सांगाडा) नसलेली, तोंड गुंडाळून बंद करायची साधी सॅक. वर झाकण नाही, म्हणजे मान वर करून पुढची खोबणी शोधताना डोकं कशावर आपटत नाही. सामान कमी असलं की तोंड जास्त गुंडाळायचं, बाजूचे पट्टे ओढायचे, आणि तीच सॅक वीस लिटरची होते. एसटीत मांडीवर मावते, हेही मी मोजलं.

कापडाबद्दल थोडं सविस्तर

नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. २१० डेनियरचा धागा म्हणजे नऊ हजार मीटर लांबी २१० ग्रॅम भरते. आकडा मोठा तसं कापड जाड, पण फक्त त्यावर जाऊ नका. रिपस्टॉप विणीत ठरावीक अंतरावर जाड धाग्याचे चौकोन असतात, त्यामुळे एखादा फाटा शिरला तरी चीर पुढे पळत नाही. परदेशात डायनीमाच्या पातळ पत्र्यासारख्या कापडाचं फार कौतुक आहे. वजनाच्या मानाने ते ताणाला विलक्षण भक्कम आहे आणि पाणी शोषत नाही. मात्र टोचण्याला आणि घासण्याला ते तितकं तोंड देत नाही, आणि आपला बेसॉल्ट तर घासतोच. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना सॅक दगडांना लागल्याशिवाय माणूस वर पोचत नाही. अलंग-मदनला तर ती दोराने ओढून वर घेतली जाते आणि तळ कातळावर खरवडत येतो. त्यात कारवीची झुडपं. सात वर्षांनी फुलून गेल्यावर तिचे वाळके दांडे उभे राहतात आणि बाहेर लोंबणारी प्रत्येक गोष्ट धरून ठेवतात. म्हणून माझा निर्णय: अंगाला २१० डेनियरचं रिपस्टॉप नायलॉन, तळाला त्याच्या दुप्पट जाड, आणि बाजूचे कप्पे जाळीचे नकोत, भरीव कापडाचेच. जाळी कातळावर आधी फाटते.

आतल्या लेपाकडेही बघा. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू विघटित होतो. मुंबई-कोकणात बंद कपाटात ठेवलेल्या सॅकच्या आत हात घातला की चिकट लागतं, आंबूस वास येतो, पांढरे पापुद्रे सुटतात, ते हेच. सॅक ओली ठेवायची नाही, आणि पावसाळ्यात ती कपाटात न कोंबता खुंटीला, पंख्याच्या वाऱ्यात टांगून ठेवायची.

रेनकव्हर मी बाद केलं. पावसात पाणी पाठीकडून, खांद्यांच्या पट्ट्यांवरून ओघळत आत जातं आणि तिथे कव्हर नसतंच. वाऱ्यात ते फुगतं, कारवीत अडकतं. त्याऐवजी सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी, तिच्यात स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे, तोंड पिळून आत दुमडलेलं. बाहेरचं कापड भिजू दे.

नोव्हेंबर ते जानेवारी : भरण्याची पद्धत

फ्रेम नसलेल्या सॅकचा कणा आपणच तयार करायचा असतो. फोम मॅटची घडी पाठीच्या बाजूला उभी सरकवायची आणि मग बाकीचं भरायचं. सॅक गच्च भरली आणि पट्टे आवळले की ती एकजीव होते. सैल भरली तर पिठाच्या पोत्यासारखी तळाशी बसते आणि खांदे ओढते. तळाला स्लीपिंग बॅग. तिच्यावर, मॅटला टेकून, मधोमध उभी एक बाटली. कपडे तिच्या भोवती दाबून, म्हणजे बाटली पाठीला चिकटून राहते. खाऊ वर. उरलेल्या दोन बाटल्या बाजूच्या कप्प्यांत, आणि पाणी पिताना डावी-उजवी आलटून पालटून, नाहीतर तासाभरात सॅक एका खांद्यावर कलते. आतल्या बाटलीला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, ती राखीव.

बाजूचे कप्पे मूळचे सरळ कापाचे होते. चालता चालता बाटली काढता यायची, परत घालता यायची नाही. आमच्या भागातल्या सॅक दुरुस्त करणाऱ्या काकांकडून कप्प्याचं तोंड पुढच्या बाजूला तिरकं उतरवून घेतलं आणि कडेला इलॅस्टिक घातलं. "एवढं खाली आणलं तर बाटली पडेल," म्हणाले, आणि स्वतःहून वर एक छोटी दोरी आणि खटका बसवून दिला. खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या चढावर न थांबता पाणी पिता येऊ लागलं. पाणी जास्त वेळा प्यायलं जातं, हा त्याचा खरा फायदा.

कमरपट्ट्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आठ किलोपर्यंत जाड गादीचा पट्टा लागत नाही. फ्रेमच नसेल तर वजन कमरेवर नीट पोचतच नाही. २५ मिलिमीटरची साधी पट्टी पुरते, तिचं काम सॅक हलू न देणं. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावरून, उतरताना मात्र ती लावायचीच, कारण तिथे पाय सुटला की सॅकचा झोका तोल घालवतो. एक दिवसाच्या ट्रेकला पट्टी काढून घरी ठेवतो. मॅटच्या जागी फोमचा एक हातभर तुकडा सरकवतो, जेवायला बसायलाही तोच.

सध्या

थंडीचा हिशेब जमला. उन्हाळ्याचा बाकी आहे. एप्रिलमध्ये पाच लिटर पाणी घेतलं की एकूण वजन दहा किलोच्या जवळ जाईल, आणि तिथे नुसत्या मॅटचा कणा वाकतो. पाठभर भरून गच्चीवर चकरा मारून पाहिलं, खांद्यांच्या टोकांवर ताण लगेच येतो. त्यासाठी मधोमध एक ॲल्युमिनियमची पट्टी घालणार आहे: ५० सेंटिमीटर लांब, १२ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड. वजन जेमतेम पन्नास ग्रॅम होतं. पट्टी हार्डवेअरच्या दुकानातून आणली आहे, दोन्ही टोकं कानशीने गोल घासून झाली आहेत, आणि पाठीच्या वळणाप्रमाणे ती गुडघ्यावर थोडी थोडी वाकवतो आहे. तिच्यासाठी आतून खोळ शिवायला सॅक पुढच्या आठवड्यात काकांकडे जाईल. खोळीच्या तळाला कापडाचे तीन थर घ्यायला सांगणार आहे, पट्टीचं टोक तिथूनच बाहेर येतं. कोणी ही पट्टी दोन उभ्या भागांत, इंग्रजी व्हीसारखी बसवून पाहिली असेल तर दहा किलोला काय फरक पडला ते सांगा, खोळ शिवण्याआधी कळलं तर तशी शिवून घेता येईल.