अफूचा पट्टा

माझं लहानपण मध्य प्रदेशातल्या माळव्यात, मंदसौरला गेलं. बाबा बँकेत होते, आणि आमच्या घरमालकांकडे अफूचा सरकारी पट्टा, म्हणजे अफू पिकवायचा परवाना होता. त्यांना आम्ही काकासाहेब म्हणायचो. फेब्रुवारीत डोडे, म्हणजे अफूची बोंडं, तयार झाले की अख्खं घर शेतात. दुपारी डोड्यांना दातेरी हत्याराने उभे चिरे द्यायचे, रात्रभर चीक पाझरू द्यायचा, आणि सकाळी ऊन चढायच्या आत तो खरवडून घ्यायचा. मी एकदा हौसेने हात घातला, तर बोटं अशी चिकटली की काकींना तेल लावून चोळावी लागली. रात्री काकासाहेब शेतातच खाट टाकून झोपत. माणसांपासून राखायचं आणि दिवसा पोपटांपासूनही. पोपट डोडेच्या डोडे पळवतात!

हा चीक, म्हणजेच अफू, सगळाच्या सगळा सरकारला द्यावा लागतो. सरकारी भाव किलोला काही हजारांच्या आत, आणि बाहेर लोक लाखाची भाषा करतात. माझ्या मते आमच्या भागातल्या तस्करीचं मूळ याच फरकात आहे, आणि तो दोनशे वर्षं जुना आहे.

बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती, पण माळवा शिंदे-होळकरांचा. इथली अफू कंपनीला चुकवून पाली, जैसलमेर, कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला जाई आणि तिथून चीनला. कंपनीने संस्थानिकांशी करार करून पाहिले; शिंद्यांनी केलाच नाही. शेवटी 1830च्या सुमारास तिने हार मानली आणि अफूच्या पेटीमागे शुल्क घेऊन मुंबईचं बंदर खुलं केलं. 1843मध्ये सिंध घेतल्यावर कराचीची वाट बंद झाली, तसं 125 रुपयांचं ते शुल्क 1847पर्यंत 400 वर नेलं. मुंबईच्या कितीतरी पेढ्या या पेट्यांवर उभ्या राहिल्या. चीनच्या याच व्यापारात मोठे झालेले जमशेटजी जीजीभॉय 1842मध्ये 'सर' झाले. जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. तिथे हजारो गरिबांवर उपचार झाले, हेही तितकंच खरं. पण त्या पेट्यांतली अफू चीनमध्ये ज्यांनी ओढली, त्यांच्या घरांचं काय झालं असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

तेव्हाच्या एका पेटीत साठ-पासष्ट किलो अफू मावायची. आज 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने अडीच किलोहून जास्त अफू सापडली की किमान दहा वर्षं कैद आहे. काकासाहेबांचा धाकटा मोटारसायकलवर पिशवी घेऊन निघाला आणि नाक्यावर धरला गेला. माल त्याचा नव्हता. पोचवायचे पैसे मिळणार होते, एवढंच. ज्याचा माल होता त्याचं नाव कागदावर कधी आलंच नाही. पोराने चूक केली, यात वाद नाही. पण आमच्याकडे पट्टा असला की मुलाला चांगली स्थळं येतात, आणि त्याच घरातलं पोर आत गेलं की बहिणीचं लग्नसुद्धा अडतं.

वकिलासाठी काकासाहेबांनी विहिरीजवळचे चार बिघे विकायला काढले. मोटार घेऊन एक जण आला, बांधावर उभा राहिला, घासाघीस न करता रोख मोजून गेला. गावात तेव्हा त्या भावाने जमीन घेणं कुठल्याही शेतकऱ्याला परवडत नव्हतं. काकींनी नोटा दोनदा मोजल्या आणि पैसे कुठले ते विचारलं नाही.